रिझवाना मॅडमची कबुली

वाशीमच्या बसस्थानकावर गेल्या महिन्यात मी जिल्ह्यातल्याच मालेगावकडे जाणाऱ्या एसटीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर दोन गृहस्थ कोणाच्या तरी जुन्या गाडीच्या दुरुस्तीबद्दल बोलत होते. त्यांतला एक दुसऱ्याला अधिकारवाणीने सांगत होता, "थ्या इलेक्ट्रॉनिकच्या नादी लागू नको बापा. वायर काढून फेक. तिकडं मालेगावले कॉलेजातल्या एका मॅडमनं शाळेची व्हॅन अशीच बिघडवली होती. पोरं मरता मरता वाचले."

"बाईमानसाले इंजिनात हात घालू देल्ला कोनं?" दुसरा म्हणाला, आणि दोघे हसले.

या गोष्टीतले प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर जवळजवळ खरे आहे. एकत्र केले की ती धादांत खोटी होते. अशा खोटेपणाला उत्तर देणे अवघड असते, कारण कोणत्याही एका वाक्यावर बोट ठेवता येत नाही. मी त्या गृहस्थांना चार शब्द सुनावले. त्यांनी माझ्याकडे मोठ्या सहनशीलतेने पाहिले, आणि एसटी लागली. जे तिथे सांगता आले नाही ते इथे सांगते. त्या बाई म्हणजे रिझवाना मॅडम.

मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. संशोधनासाठी पुण्याला जाण्यापूर्वी, मालेगावच्या बाहेर माळावर उभ्या असलेल्या एका खाजगी तंत्रनिकेतनात मी काही काळ शिकवत होते. त्याच संस्थेची शाळाही त्याच आवारात होती. रिझवाना मॅडम तंत्रनिकेतनाच्या ऑटोमोबाइल विभागात होत्या. आम्ही दोघीही कंत्राटावर. फरक इतकाच की मला तिथून जायचे होते आणि त्यांना तिथेच राहायचे होते.

पहिल्या दिवशी त्यांनी माझे नाव विचारले नाही. त्या सहकाऱ्यांना विषयाच्या नावाने हाक मारत. "ओ फिजिक्स, इकडं या. हा प्लग काय सांगून राह्यला, बोला."

माझ्या तळहातावर त्यांनी इंजिनातून काढलेला एक स्पार्क प्लग ठेवला. त्याच्या टोकावर काजळी होती. मी तसे म्हणाले.

"काजळी तं आंधळ्यालेही बोटानं कळते. सांगते काय थो?"

मला उत्तर देता आले नाही, याचा त्यांना झालेला आनंद त्यांनी मुळीच लपवला नाही. मग त्यांनी मला खिडकीपाशी नेले. खिडकीच्या कट्ट्यावर प्लगांची रांग होती. काळा प्लग म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी. त्याला त्या रिच म्हणत. पांढराफटक म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, तो लीन. आणि मधला, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, तो निरोगी. हेच वर्गीकरण त्या माणसांनाही लावत. प्राचार्य लीन: "बोलते कमी, तापते जास्त." संस्थेचे सचिव रिच: "धूर लय, गाडी जाग्यावरच." मी एकदा धीर करून माझ्याविषयी विचारले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमी अजून चोक वढून चालून राह्यल्या, फिजिक्स. गरम व्हा पयले, मंग सांगतो."

नम्रता त्यांच्यात औषधालाही नव्हती. अमरावतीला अभियांत्रिकीच्या वर्गात आपण एकट्या मुलगी होतो आणि कार्यशाळेत पहिल्या आलो, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. "मालेगावात कार्ब्युरेटर समजनारे दोन मानसं," त्या म्हणत. "एक मी. दुसरं अजून यायचं हाये." सकाळी आल्यावर बुरखा काढून त्या फॅनबेल्टांच्या शेजारच्या खुंटीला लावत, खाकी अ‍ॅप्रन चढवत आणि पायांतल्या चपला कापडाने पुसत. त्या चपलांवर तेलाचा थेंब पडला तर, विद्यार्थी नापास झाल्यावर येणार नाही इतका राग त्यांना येई. डबा उभ्यानेच खात, आणि न विचारता त्यातला अर्धा समोरच्याच्या हातावर ठेवत. मी अनेक विद्वान माणसांकडून शिकले आहे. स्वतःच्या विषयावर इतके उघड, इतके निर्लज्ज प्रेम करणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

त्यांचा तो प्रसिद्ध तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला होता. वर्गात प्रमाण मराठी त्यांना दोन वाक्यांपलीकडे टिकवता येत नसे. विषय रंगला की वऱ्हाडी आपोआप वर येई.

"आंघोळीले बसतानी काय करता? कडक पानी बादलीत घेता, मंग त्याच्यात थंड्या पान्याचं विसन घालता. किती घालता? मोजून घालता का रे?"

"नाई मॅडम, हात घालून पाहतो."

"झालं! हेच शिकवाचं होतं मले." त्या टेबलावर हात आपटत. "पेट्रोल म्हंजे कडक पानी. हवा म्हंजे विसन. हे मिसळाचं काम कार्ब्युरेटरचं. साधा कार्ब्युरेटर एकदा सांगितलं तेवढंच विसन घालते, पानी उकळतं असो का कोमट. तो हात घालून पाहतच नाई. अन् इलेक्ट्रॉनिकवाला? तो पाहते."

मग त्या तीन मुलांना पुढे बोलावत. पहिला म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला सेन्सर. जळून बाहेर पडलेल्या वायूत प्राणवायू शिल्लक आहे की नाही, एवढेच तो सांगतो. शिल्लक असेल तर हवा जास्त झाली. नसेल तर पेट्रोल जास्त झाले. दुसरा म्हणजे संगणक. त्याने निरोप ऐकायचा आणि हुकूम द्यायचा. तिसरा म्हणजे कार्ब्युरेटरवरची विजेची बारीक झडप. ती सेकंदाला अनेकदा उघडझाप करते. जास्त वेळ उघडी राहिली तर हवा जास्त शिरते, कमी वेळ राहिली तर कमी. पहिला मुलगा "लीन, लीन" ओरडे, दुसरा "हवा कमी कर" म्हणे, तिसरा दार लावल्याचा अभिनय करी. तेवढ्यात पहिला "रिच, रिच" ओरडू लागे. वर्ग हसून लोटपोट होई. मिश्रण कधीच एका जागी स्थिर नसते. ते योग्य बिंदूच्या दोन्ही बाजूंना सतत झुलत राहते, आणि हे झुलणे हीच त्याची अचूकता असते. हा नियंत्रणशास्त्राचा गाभा. मला तो पदव्युत्तर वर्गात समीकरणांनी शिकवला गेला. रिझवाना मॅडमनी तो बादलीत शिकवला. मात्र तासाच्या शेवटी त्या एक वाक्य हमखास बोलत: "सेन्सर खोटं बोलत नाई. मानूस बोलते."

या वाक्यावर त्यांचा विश्वास होता, आणि त्यांचा विश्वास एकदा बसला की शंकेला जागा उरत नसे.

मालेगावच्या बसस्थानकामागे त्यांच्या वडिलांचे दुकान होते. अब्बा आयुष्यभर कार्ब्युरेटर दुरुस्त करत आले होते. आमच्या भागात एक रीत आहे. विजेचे नियंत्रण असलेली जुनी गाडी आली की मिस्त्री सेन्सरची वायर काढतो, झडपेची हवेची नळी एक बोल्ट ठोकून बुजवतो आणि स्क्रू फिरवून मिश्रण अंदाजाने बसवून देतो. याला 'गाडी साधी करणे' म्हणतात. गिऱ्हाईक येते तेच म्हणत येते, "चाचा, साधी करून द्या." अब्बांनी तालुक्यातल्या कितीतरी गाड्या साध्या केल्या होत्या. काढलेले भाग ते तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत. त्यांची मुलगी तो डबा उपसून चांगले भाग कॉलेजात नेई. ऑटोमोबाइल विभागाची अर्धी प्रयोगशाळा त्या डब्यातून आली होती, आणि त्याबद्दल संस्थेतल्या कोणीही त्या म्हाताऱ्याचे कधी आभार मानले नाहीत.

दुकानात बापलेकींचे भांडण मी एकदा ऐकले आहे.

"बेटी, थो मानूस किन्हीराजाच्या रस्त्यावर बंद पडला तं तुझा सेन्सर येऊन धक्का मारन का?"

"अब्बा, सर्दी झाली म्हनून तुमी नाक कापून राह्यले!"

"नाक कापल्यावर सर्दीची तक्रार घेऊन कोनी वापस नाई आलं," अब्बा शांतपणे म्हणाले, आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइके हसली. मॅडम पाय आपटत बाहेर आल्या. "साऱ्या गावाले आंधळी गाडी पायजे," त्या मला म्हणाल्या. "कारन आंधळी गाडी तक्रार करत नाई."

आता त्या व्हॅनकडे येते.

संस्थेच्या शाळेची एक जुनी पेट्रोल व्हॅन होती. शंकरभाऊ नावाचे चालक किन्हीराजा या गावातून मुले आणत आणि संध्याकाळी पोहोचवत. व्हॅनची देखभाल फुकटात व्हावी म्हणून संस्थेने ती मॅडमच्या विभागात 'प्रात्यक्षिकासाठी' पाठवली. ती अर्थातच साधी केलेली होती. तुटकी वायर लोंबत होती आणि हवेच्या नळीत बोल्ट होता. मॅडमना इतका हर्ष झाला की त्यांनी दोन वर्ग एकत्र बोलावले. त्याच वेळी त्यांनी खाली वाकून पाहिले. सेन्सरच्या थोडे अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, धुराच्या नळीचा सांधा गंजून गेला होता. त्यांनी कार्यालयात जाऊन सचिवांना सांगितले, "साहेब, पाइप बदलावा लागन."

"आवाज येतो म्हणून पाइप बदलतात का मॅडम? पट्टी मारा," सचिव म्हणाले.

त्यांनी सांध्यावर पत्र्याची पट्टी आवळली. आवाज थांबला. मग मुलांच्या टाळ्यांमध्ये त्यांनी वायर जोडली, बोल्ट काढला आणि मिश्रण मूळ ठिकाणी आणले. इथे त्यांची चूक झाली, आणि मी ती झाकणार नाही. गंजलेली नळी हा त्यांनी आवाजाचा प्रश्न मानला. तो मिश्रणाचाही प्रश्न आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही.

काही दिवसांत शंकरभाऊ आले. "मॅडम, लय पिऊन राह्यली गाडी. अन् मागून काळं फेकते."

मॅडमनी सेन्सरला मीटर लावले. काटा स्पष्ट सांगत होता: लीन. हवा जास्त, पेट्रोल कमी. "पहा, भुकेली हाये म्हनून खाऊन राह्यली. धीर धरा, जमन तिचं."

शंकरभाऊंनी मान हलवली. त्यांना ते पटले नव्हते, पण शिकलेल्या बाईशी वाद घालायचा नाही हा त्यांचा नियम होता. त्या नियमाची किंमत पुढे त्यांनी दिली नाही, दुसऱ्याच कोणी तरी दिली.

मुले आजारी पडू लागली. सकाळच्या प्रार्थनेला किन्हीराजाच्या मुलांपैकी कोणाचे तरी डोके दुखे, कोणाला तरी उलटी होई. शाळेकडे कारणे तयार होती: ऊन, उपाशीपोटी येणे, रस्त्याचे वळण, अभ्यास टाळण्याचा बहाणा. एके सकाळी गौरी नावाची तिसरीतली मुलगी शाळेच्या पायऱ्यांवर कोसळली. थोड्या वेळाने ती शुद्धीवर आली, आणि तिच्या आईला, वंदनाताईंना, निरोप गेला. त्या शेतातून तशाच आल्या. मुख्याध्यापिका त्यांना न्याहारीचे महत्त्व समजावू लागल्या.

"माही पोरगी भाकर खाऊन निंघाली मॅडम," वंदनाताई म्हणाल्या. "मी सोता चारली. तुमी आमाले काय उपाशी मारनारे समजून राह्यल्या का?"

मी आणि रिझवाना मॅडम योगायोगाने त्याच व्हरांड्यात होतो. मॅडम गौरीपुढे उकिडव्या बसल्या.

"कुठं बसली होती वं गाडीत?"

"मधात. खिडकी नाई भेटली."

"खिडकीत बसलं तं?"

"मंग डोकं नाई दुखत. म्हनून तं सारे खिडकीसाठी भांडते."

मी त्या क्षणी मॅडमचा चेहरा पाहिला. कित्येक आठवडे मोठ्यांच्या एका संपूर्ण इमारतीला जे समजले नव्हते ते तिसरीतल्या मुलांना समजले होते. त्यांनी त्यावर स्वतःपुरता उपायही शोधला होता, आणि त्या उपायासाठी त्यांना रोज भांडखोर म्हणून शिक्षा होत होती.

मॅडम धावतच व्हॅनकडे गेल्या. प्लग काढला: काजळीने काळाकुट्ट. मीटर लावले: काटा अजूनही लीन. "फिजिक्स," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात बढाई नव्हती, "दोघातला एक खोटा हाये. अन् प्लगले खोटं बोलता येत नाई."

त्यांनी शंकरभाऊंना गाडीच्या मागच्या नळीच्या तोंडावर ओले फडके दाबून धरायला सांगितले, इंजिन चालू ठेवले आणि जमिनीवर आडव्या झाल्या. पत्र्याच्या पट्टीखालून फुसफुस ऐकू आली. त्यांनी मलाही ती ऐकवली. इंजिनातला धूर झटक्याझटक्याने बाहेर पडतो. दोन झटक्यांच्या मध्ये नळीत क्षणभर ओढ निर्माण होते. त्या ओढीने भोकातून बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सरला तिच्यातला प्राणवायू लागत होता. कोणी बादलीत हात घालून पाहत असताना त्याच्या हातावरच गार पाणी ओतावे, तसे हे होते. तो बिचारा कडक पाणी वाढवतच जाणार. म्हणून संगणक हवा कमी करत होता आणि धुरातला विषारी वायू वाढत होता. पुढच्या झटक्याला तोच वायू त्याच भोकातून, व्हॅनच्या गंजलेल्या तळातून, मुलांच्या पायांशी येत होता. त्या वायूला वास नसतो.

मॅडम उठून बसल्या. त्यांच्या चपलांवर तेलाचे डाग पडले होते. त्यांनी पाहिलेही नाही. "वायर तुटली होती तवा गाडी आंधळी होती," त्या म्हणाल्या. "मी तिले डोळे देल्ले, अन् तिच्यासमोर खोटं ठेवलं. मीच केलं हे."

त्यांनी व्हॅनची किल्ली काढून अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली. त्या संध्याकाळी किन्हीराजाची मुले एसटीने गेली.

दुसऱ्या दिवशी पालकांची सभा ठरली. मी मॅडमना स्पष्टच सांगितले की पाइप गंजला होता एवढेच बोला, वायर जोडल्याचा उल्लेख टाळा, नोकरी जाईल. त्यांनी ऐकले नाही. "चूक लपवली तं पाइपही लपते, फिजिक्स. पयले गाडी चालत होती, कोनाले काही झालं नाई, असंच म्हन्तीन ना लोकं? काहून झालं थे सांगाले माही वायर सांगाच लागते. नाई तं उद्या पट्टी मारून पुन्हा पोरं बसवतीन."

याहून काटेकोर युक्तिवाद मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेला नाही.

सभेत सचिवांनी उन्हाळ्यापासून सुरुवात केली. मॅडम मध्येच उभ्या राहिल्या. "ऊन नाई. गाडी हाये. अन् चूक माही हाये." त्यांनी सगळे सांगितले: वायर, सेन्सर, भोक, विसण. वंदनाताई पुढच्या रांगेत ऐकत होत्या. मॅडमचे शेवटचे वाक्य होते, "पाइप बदलेपर्यंत या गाडीत लेकरू बसवू नका."

सचिवांनी क्षणही दवडला नाही. मी तो क्षण विसरू शकत नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्टपणे सुटकेचा आनंद दिसला. "ऐकलं ना सगळ्यांनी? मॅडम स्वतः कबूल करतात. आम्ही यांच्यावर विश्वास टाकला. शंकरभाऊ, वायर जोडण्याआधी काही त्रास होता का?"

शंकरभाऊ उभे राहिले. "नाई साहेब. मॅडमनं वायर जोडली, तवापासून."

खरे होते. अक्षरन्‌अक्षर खरे होते.

मग सभागृह पेटले. मागून कोणी ओरडले, "बापाच्या दुकानात गाडी धाडाची असन, म्हनून बिघडवली!" मॅडम "पाइप, पाइप" म्हणत राहिल्या. मी उठून सांगू लागले की पाइपची मागणी आधीच झाली होती आणि ती कोणी फेटाळली हेही मला ठाऊक आहे. "तुम्ही फिजिक्सच्या ना? बसा," सचिव म्हणाले. टाळ्या पडल्या. मी बसले नाही. पण माझ्या उभे राहण्याने काही फरक पडला नाही. ज्यांच्या लेकरांच्या जिवावर बेतले त्यांना एक दोषी माणूस हवा असतो, आणि समोर एक बाई स्वतःहून दोष घेऊन उभी होती. पालकांना मी क्षमा करू शकते. ज्यांनी त्यांच्या संतापाला मुद्दाम वाट काढून दिली त्यांना नाही.

फक्त वंदनाताई निघताना मॅडमपाशी थांबल्या. "तुमी सांगतलं नसतं तं मले कदीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "मी गौरीले एसटीनं धाडीन. पन तुमच्यावर राग हाये माहा."

"असू द्या," मॅडम म्हणाल्या. "असाच पायजे."

त्यांचे कंत्राट वाढवले गेले नाही. निरोपसमारंभ झाला नाही. प्लगांची रांग कोणीतरी खिडकीवरून उचलून भंगारात टाकली. व्हॅनचे काय झाले? वायर पुन्हा काढण्यात आली, नळीत पुन्हा बोल्ट ठोकण्यात आला, पाइपावर नवी पट्टी बसली. धूर कमी झाला, पेट्रोल वाचू लागले, मुलांची डोकी दुखायची थांबली, आणि सगळ्यांची खात्री पटली की दोष यंत्राचा आणि बाईचा होता. शास्त्रीय दृष्ट्या काय घडले होते? भोक तिथेच होते. विष कमी झाले होते, बंद झाले नव्हते. ज्या दिवशी तो अंदाजाने बसवलेला स्क्रू हलेल, त्या दिवशी ते वाढेल, आणि ते सांगणारे आता कोणी उरले नव्हते.

मला संताप येतो तो हिशेब मांडला की. पाइप नाकारणारा माणूस सचिवपदी आहे. मुलांना खोटारडी म्हणणारे शिक्षक पदावर आहेत. त्या प्रकरणात ज्या एका व्यक्तीने आपली चूक शोधली, सिद्ध केली आणि भर सभेत सांगितली, त्याच व्यक्तीला शिक्षा झाली. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवतात की चूक जाहीर करणे हा विज्ञानाचा पाया आहे. कोणत्या विज्ञानाचा? वायर जोडताना टाळ्या वाजवणाऱ्या त्या दोन वर्गांच्या विद्यार्थ्यांनी या सभेतून काय शिकून घेतले असेल, याचा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

बसस्थानकावरची ती गोष्ट ऐकली त्याच दिवशी मी मालेगावला उतरले आणि एका मैत्रिणीच्या घरी मुक्काम केला. सकाळी परतीची एसटी धरायला निघाले. अब्बांचे दुकान अजून उघडायचे होते, पण दुकानापुढे एक व्हॅन उभी होती. मी ती ओळखली. रिकामी होती. शंकरभाऊ बाजूला उभे राहून चहा पीत होते, आणि व्हॅनखालून दोन पाय बाहेर आले होते.

"दर सोमवारी आनतो," मला पाहून शंकरभाऊ हळू आवाजात म्हणाले. "पोरं घ्याच्या आधी. मॅडम पट्टी अन् स्क्रू पाहून देते. साहेबाले माहीत नाई. तुमी कोनाले सांगजा नका मॅडम, माही नोकरी जाईन."

"आणि सभेत?" मी विचारले. "पाइपाचे तुम्हाला ठाऊक होते. तेव्हा का बोलला नाहीत?"

त्यांनी कपातला उरलेला चहा जमिनीवर ओतला. "मले जे विचारलं थे मी खरं सांगतलं. पाइपाचं मले कोनी विचारलंच नाई."

ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतले बहुतेक इथे गहिवरतात आणि याला मॅडमचा मोठेपणा म्हणतात. त्या शब्दाची मला चीड येते. ज्या बाईला संस्थेने हाकलले तिनेच चोरून, पहाटेच्या धुळीत आडवे पडून त्या संस्थेची मुले सुरक्षित ठेवावीत, आणि आपण त्याचे कौतुक करून मोकळे व्हावे? ही लाजिरवाणी व्यवस्था आहे. तिच्यात मोठेपणा शोधणे म्हणजे सचिवांना आणखी एक पट्टी पुरवणे.

मॅडम व्हॅनखालून निघाल्या, हात पुसले आणि शंकरभाऊंना मानेने खूण केली. व्हॅन किन्हीराजाच्या दिशेने निघाली. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून एक ऑटो हॉर्न देत आला आणि त्यांना वळसा घालून शिव्या देत गेला. मी जवळ जाऊन हाक मारली.

त्यांनी वळून पाहिले नाही. फक्त एक हात वर केला: थांबा. व्हॅन वळणापर्यंत गेली, वळणाआड गेली, आणि तरी तो हात वरच होता. त्या अजून व्हॅनचा आवाज ऐकत होत्या.